मॉरिशसची जनगणना: आधी घरं, मग माणसं

२०११ च्या फेब्रुवारीत सिंधुदुर्गातल्या एका गावात मी प्रगणक म्हणून दारोदार फिरत होतो. एका घरी आजींना विचारलं, ‘घरात माणसं किती?’ त्या म्हणाल्या, ‘सात. चार मुंबैक आसत, पण घर ह्यां त्यांचांच मां?’ ओटीवर प्रत्यक्षात तिघंच होती. मुंबईतल्या चौघांना तिथला प्रगणक त्याच दिवसांत मोजणार होता. मीही त्यांना लिहून घेतलं असतं, तर कागदावर चाराची आठ झाली असती. दोघांनीही ‘दुसरा मोजेल’ म्हणून सोडलं असतं, तर शून्य.

प्रत्येक माणूस मोजला जावा आणि एकदाच मोजला जावा, एवढंच काम असतं. बेटांच्या देशात ते सोपं असेल असं मला वाटायचं. चहूबाजूंनी समुद्र, हद्दीचा वाद नाही, माणसं जाणार कुठं? मॉरिशसचे जनगणना अहवाल मी वाचायला घेतले ते वेगळ्याच ओढीनं: आमच्याच किनाऱ्यावरची माणसं दीडशे वर्षांपूर्वी मुंबई बंदरातून बोटीत चढून तिकडे गेली, त्यांच्या वंशजांची नोंद तिथं कशी होते हे बघायला. वाचता वाचता पद्धतीतच गुंतलो. भूगोल किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना आणि उद्या ज्यांच्या गळ्यात प्रगणकाची पिशवी पडणार आहे त्या शिक्षकांना ती उपयोगी पडेल, म्हणून टप्प्याटप्प्यानं मांडतो.

थोडी पार्श्वभूमी. मॉरिशसची पहिली जनगणना १८४६ ची. तिथं १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारानं बांधलेले हिंदुस्थानी मजूर येऊ लागले होते, आणि १८६१ च्या मोजणीपर्यंत बेटावरच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक माणसं हिंदुस्थानी होती. १८५१ पासून दर दहा वर्षांनी गणना होत गेली. महायुद्धामुळे १९४१ ची १९४४ वर गेली. पुढं १९५२, १९६२, १९७२, १९८३, १९९०, २०००, २०११. आणि २०२१ ला व्हायची ती कोविडमुळे २०२२ मध्ये. ही एकोणिसावी. काम ‘स्टॅटिस्टिक्स मॉरिशस’ ही सरकारी संस्था करते.

पहिला टप्पा: कुठं कुठं मोजायचं

मोजणीची सुरुवात नकाशापासून होते. मॉरिशस म्हणजे एक बेट नव्हे. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून जरासं मोठं. पूर्वेला साडेपाचशेहून अधिक किलोमीटरवर रॉड्रिग्ज, जिथं २०११ मध्ये चाळीस हजारांवर लोक होते आणि २००२ पासून स्वतःची प्रादेशिक सभा आहे. उत्तरेला सुमारे हजार किलोमीटरवर आगालेगा. सेंट ब्रँडन नावाचा वाळूच्या बेटांचा पुंजका, जिथं मासेमारीसाठी माणसं राहतात. आगालेगा आणि सेंट ब्रँडन मिळून २०११ मध्ये माणसं भरली २७४.

एवढ्या थोड्या माणसांसाठी समुद्र ओलांडायचा? हो, कारण जनगणनेत ‘जवळजवळ सगळे’ ही जागाच नसते. शिवाय अशा बेटावरची शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांचा निर्णय त्याच आकड्यावर ठरतो. तिथं बोट मनात येईल तेव्हा जात नाही, त्यामुळे अर्ज, माणसं आणि शिधा यांचं वेळापत्रक मुख्य बेटाच्या कितीतरी आधी आखावं लागतं. माझा सल्ला असा, की दूरच्या बेटाचं काम बाहेरून पाठवलेल्या अधिकाऱ्यावर सोपवण्याऐवजी तिथल्याच कोणाला तरी शिकवून त्याच्याकडे द्यावं. कोणाच्या घरी पाळणा हलला, हे त्याला न विचारता ठाऊक असतं.

चागोस द्वीपसमूहाचं दुखणं याच टप्प्यात समोर येतं. तो १९६५ मध्ये ब्रिटननं मॉरिशसपासून तोडला आणि १९७३ पर्यंत तिथल्या रहिवाशांना हलवलं. मॉरिशसनं त्यावर हक्क सांगणं कधीच सोडलं नाही, पण प्रगणकानं दार वाजवावं असं तिथलं घर उरलं नाही. त्या बेटांवरची माणसं आता मोजली जातात ती जिथं जाऊन राहिली तिथं. राजधानी पोर्ट लुईच्या वस्त्यांतला एखादा आकडा त्यांचा असतो.

दुसरा टप्पा: गट पाडणं

मुख्य बेटावर नऊ जिल्हे, पाच नगरपालिका क्षेत्रं आणि बाकी खेडी. या सगळ्याचे एकेका प्रगणकाला पेलतील असे छोटे तुकडे पाडायचे, म्हणजे आपल्याकडचे गणना गट. तुकड्याची हद्द जमिनीवर उभं राहून दिसली पाहिजे: रस्ता, ओढा, दगडी बांध. उसाच्या फडातून गेलेली कागदावरची रेषा कामाची नाही, कारण तोडणीनंतर आणि तोडणीआधी तो परिसर दोन वेगळी गावं वाटावीत इतका बदलतो. फडामागं लपलेली चार घरं दोन प्रगणकांच्या मधोमध हरवतात ती अशीच. आमच्या प्रशिक्षणात नजरी नकाशा काढायला लावायचे तेव्हा कंटाळा यायचा. पण गटाच्या वायव्य कोपऱ्यापासून घरांना क्रमांक देत आलं की सुटलेलं घर आपोआप डोळ्यांत भरतं, हे काम करतानाच पटलं.

तिसरा टप्पा: घरगणती

हा खरा पाया, म्हणून इथं जरा थांबतो. २०११ मध्ये मॉरिशसची घरगणती ३१ जानेवारीला सुरू होऊन १९ जूनपर्यंत चालली. जवळपास पाच महिने, आणि माणसांची सविस्तर माहिती या फेरीत घ्यायचीच नाही. इमारत कशाची आहे, किती जुनी, घर स्वतःचं की भाड्याचं, खोल्या किती, नळ घरात आहे की अंगणात, वीज, न्हाणीघर, संडास, चूल कशावर पेटते, कचरा कोण नेतं, हे सगळं. जोडीला दुकानं, कारखाने, हॉटेलं यांचीही यादी. या फेरीतून देशातल्या झाडून साऱ्या इमारतींची आणि कुटुंबप्रमुखांची एक ताजी यादी हाती येते, आणि माणसं मोजायला निघालेला प्रगणक ती घेऊनच निघतो. यादीत असलेल्या घराचा अर्ज आला नाही, की लगेच कळतं.

आता खाचखळगे. मॉरिशसमध्ये १९६० च्या जानेवारीत आणि फेब्रुवारीअखेर लागोपाठ दोन चक्रीवादळं आली, अलिक्स आणि कॅरोल. लाकडाची, पत्र्याची, गवताची घरं हजारोंनी भुईसपाट झाली. त्यानंतर लोक सिमेंटच्या, सपाट छपराच्या घरांकडे वळले. त्यामुळे ‘छप्पर कशाचं?’ हा प्रश्न तिथं सजावटीचा नाही. पुढचं वादळ कोणत्या वस्तीत किती माणसं उघड्यावर आणेल, याचा अंदाज त्या एका रकान्यावरून बांधता येतो.

पण सपाट स्लॅबनं मोजणाऱ्याचं काम वाढवलं. तिकडच्या गावांत स्लॅबच्या खांबांवर लोखंडी सळया उघड्या सोडलेल्या दिसतात, आपल्याकडेही दिसतात तशाच. मुलाचं लग्न ठरलं की वर मजला चढवायचा. आता खाली आई-वडील, वर मुलगा-सून, जिना बाहेरून. हे एक घर की दोन?

उत्तर तीन पातळ्यांवर द्यायचं असतं, आणि प्रगणक हमखास घोळ घालतो तो इथंच. इमारत एक. वरच्या मजल्याला स्वतंत्र दार असेल आणि दुसऱ्याच्या खोलीतून न जाता आत शिरता येत असेल, तर घरं दोन. आणि कुटुंबं किती, ते स्वयंपाकावरून ठरतं. सून वर राहते पण जेवण खाली एकत्र शिजतं, तर कुटुंब एक. वर वेगळा गॅस, वेगळं वाणसामान, तर कुटुंबं दोन. आपल्या आज्या ‘चूल वेगळी केली’ म्हणायच्या तो हाच निकष, जगभरच्या जनगणना पुस्तिकांत मोठ्या व्याख्येत लिहिलेला. रक्ताचं नातं यात बघायचं नाही. भाड्यानं एकत्र राहून एकत्र शिजवणारे चार कामगार म्हणजेही एक कुटुंब.

हा निकष ढिला पडला की कुटुंबाच्या सरासरी आकाराचा आकडा बिघडतो, आणि त्यावर बेतलेली घरबांधणीची गरज चुकते. मॉरिशसमध्ये हा सरासरी आकार २००० मध्ये ३.९ होता, २०११ मध्ये ३.६. म्हणजे माणसं तेवढीच राहिली तरी घरं जास्त लागणार. माणसं मोजण्याआधी घरं मोजायची ती अशासाठीही.

एक व्यावहारिक अडचण: घरगणतीचा काळ चक्रीवादळांच्या मोसमात येतो, कारण तिथं नोव्हेंबर ते मेदरम्यान वादळं घोंगावतात. म्हणून या फेरीत राखीव दिवस धरावेच लागतात. माणसांची मोजणी मात्र जून-जुलैत, म्हणजे तिथल्या कोरड्या हिवाळ्यात येते.

चौथा टप्पा: प्रश्न ठरवणं

नाव, प्रमुखाशी नातं, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, शिक्षण, काम, अपंगत्व, पाच वर्षांपूर्वी कुठं राहत होता, हे प्रश्न बहुतेक देशांत सारखेच. मॉरिशसचं वेगळेपण ओळखीच्या प्रश्नांत आहे, आणि तिथं प्रत्येक शब्द तोलून घालावा लागतो.

१९७२ पर्यंत जनगणनेत ‘समुदाय’ विचारला जायचा: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेले सर्वसाधारण. १९८३ पासून तो प्रश्न काढून टाकला. माणसं अशी खणांत भरू नयेत, ही भूमिका मला मनापासून पटते. पण संसदेत थेट निवडून आलेल्या ६२ जणांखेरीज आठपर्यंत जागा समुदायांचा समतोल राखण्यासाठी देण्याची घटनात्मक तरतूद तशीच राहिली, आणि तिचा हिशेब अजूनही १९७२ च्याच आकड्यांवर होतो. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची जनगणना आजच्या जागावाटपात जिवंत आहे. प्रश्न विचारणं जितकं जबाबदारीचं, तितकंच तो थांबवणंही. आपल्याकडे २०२७ च्या जनगणनेत जातीचा रकाना येतो आहे, तेव्हा हे उदाहरण जवळ ठेवण्यासारखं आहे.

भाषेचे प्रश्न मला सर्वांत जवळचे. २०११ च्या अर्जात घरी सहसा कोणती भाषा बोलता आणि पूर्वजांची भाषा कोणती, असे दोन वेगळे प्रश्न होते. यामागं शहाणपण आहे. घरी भोजपुरी बोलणारे २००० मध्ये १२.१ टक्के होते, २०११ मध्ये ५.३ टक्के. अकरा वर्षांत भोजपुरी माणसं नाहीशी झाली नाहीत. मुलं आई-वडिलांशी क्रेओलमध्ये, म्हणजे फ्रेंचपासून घडलेल्या तिथल्या बोलीत, बोलू लागली. त्याच काळात घरी क्रेओल बोलणारे ८०.५ वरून ८६.५ टक्क्यांवर गेले. एकच प्रश्न असता तर भाषा आटली की माणसं घटली, हे उमगलं नसतं.

मराठी घरांची गत अशीच. रत्नागिरी, कोल्हापूर, सातारा भागांतून गेलेल्यांच्या नातवंडां-पतवंडांच्या स्वयंपाकघरात आज क्रेओल ऐकू येते. गणपतीत आरती मात्र मराठीत होते, आणि गणेश चतुर्थीची तिथं सार्वजनिक सुट्टी असते. शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. अशा घरानं ‘तुमची भाषा?’ या प्रश्नाला काय सांगावं? दोन प्रश्न असले की दोन्ही उत्तरं खरी देता येतात. धर्माच्या रकान्यात आणखी एक गंमत घडते. तिथले बरेच लोक ‘हिंदू’ न सांगता ‘मराठी’, ‘तमिळ’, ‘तेलुगू’ असं सांगतात, आणि अहवालात ती उत्तरं तशीच स्वतंत्र छापलेली असतात. प्रगणकानं ‘म्हणजे हिंदूच ना!’ म्हणत स्वतः बदल केला असता तर ही ओळख पुसली गेली असती. उत्तर जसं मिळेल तसं लिहायचं. गट पाडायचं काम कार्यालयात होतं, दारात नाही.

दारातल्या भाषेचीही तयारी लागते. तिकडे सरकारी कागदाची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रांची फ्रेंच आणि बोलण्याची क्रेओल. प्रगणकानं प्रश्न मनातल्या मनात भाषांतर करून विचारला की शंभर प्रगणकांचे शंभर प्रश्न होतात. म्हणून प्रशिक्षणात एकानं घरमालक व्हावं, दुसऱ्यानं प्रगणक, आणि प्रश्नांचं बोलीतलं रूप सगळ्यांनी एकच पाठ करावं. मालवणीत ‘खंयसून इलास?’ म्हटल्यावर समोरचा गावाचं नाव सांगतो की आत्ता कुठून आला ते, हे मी अनुभवलं आहे.

पाचवा टप्पा: ती एक रात्र

माणसांची गणना २०११ मध्ये २० जून ते ३१ जुलै चालली. सहा आठवडे. पण प्रत्येक उत्तर ३ आणि ४ जुलैमधल्या रात्रीशी बांधलेलं. २०२२ लाही ३ जुलैचीच रात्र होती. प्रगणक तुमच्याकडे २५ जुलैला आला तरी विचारणार, ‘त्या रात्री इथं कोण होतं?’

मध्यरात्र हा काटा धरा. अकरा वाजता बाळ जन्मलं, ते मोजायचं. पहाटे दोनला जन्मलं, ते नाही. आजोबा रात्री दहाला गेले, ते नाहीत. पहाटे गेले, तर आहेत. हे सांगताना प्रगणकाला अवघड जातं, आणि घरात दुःख असताना ते हळुवारपणेच विचारायला हवं. रात्रपाळीला गेलेली परिचारिका किंवा समुद्रावर गेलेला मच्छीमार त्या रात्री दुसरीकडे कुठं मोजला गेला नसेल, तर सकाळी परतल्यावर घरच्या अर्जातच यायला हवा.

आपल्याकडेही २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी मोजणी, २८ च्या रात्री बेघरांची गणना आणि १ ते ५ मार्च फेरतपासणी होती. त्या पाच दिवसांत मी दोन बाळं वाढवली आणि एका आजोबांचं नाव कमी केलं. मॉरिशसनं हीच कल्पना सहा आठवड्यांवर ताणली आहे.

दुसरा पेच, हजर माणसं मोजायची की रहिवासी? मॉरिशसला दोन्ही हवं असतं, आणि का ते लगेच कळेल. २०११ मध्ये तिथं वर्षभरात साडेनऊ लाखांहून अधिक पर्यटक आले. समुद्रकाठच्या हॉटेलांत त्या रात्री झोपलेले सगळे हजर असतात, पण त्यांच्यासाठी शाळा बांधायची नसते. उलट फ्रान्सला महिनाभर मुलीकडे गेलेली बाई हजर नसते, तरी ती तिथलीच. म्हणून प्रत्येकाबद्दल दोन गोष्टी लिहायच्या: रात्री कुठं होता आणि एरवी कुठं राहतो. त्या आजींना मी हेच समजावलं असतं तर त्यांच्या चार मुंबईकरांची जागा चटकन सापडली असती.

आगालेगाचा विचार करा. २०२२ मध्ये तिथं भारताच्या मदतीनं धावपट्टी आणि जेट्टी बांधली जात होती, आणि बांधकामावर शेकडो भारतीय कामगार होते. मूळ रहिवासी जेमतेम तीनेकशे. त्या रात्रीची नुसती हजेरी घेतली तर बेट एकदम दुप्पट फुगलेलं दिसेल. रहिवाशांची संख्या वेगळी ठेवली तरच शिक्षक किती लागतील ते कळेल.

सहावा टप्पा: घराबाहेरची माणसं

रुग्णालयं, तुरुंग, वृद्धाश्रम, वसतिगृहं आणि बंदरातल्या बोटी यांच्यासाठी वेगळे अर्ज आणि वेगळी पथकं हवीत. मॉरिशसमध्ये कापड कारखान्यांच्या वसतिगृहांत बांगलादेश, भारत, नेपाळ, मादागास्कर इथून आलेले कामगार राहतात. व्यवस्थापकानं दिलेल्या यादीवर भागवण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि खाटेपर्यंत जावं. पाळी सुटायची वेळ विचारून, बंगाली कळणाऱ्या कोणाला तरी सोबत घेऊन.

सातवा टप्पा: तपासणी

२०२२ मध्ये कागदाची जागा टॅबलेटनं घेतली. आईचं वय मुलापेक्षा नऊच वर्षांनी जास्त भरलं, तर यंत्र तिथल्या तिथं टोकतं आणि प्रगणकाला दारातच दुरुस्ती करता येते. कागदाच्या काळात ही चूक महिन्यांनी कार्यालयात सापडायची आणि तोवर ते घर विसरलेलं असायचं. पण यंत्र सुटलेल्या माणसाबद्दल टोकत नाही. सुटणाऱ्यांत तान्ही बाळं सर्वांत जास्त असतात. ‘घरात कोण कोण?’ म्हटलं की लोक मोठी माणसं सांगतात, पाळण्यातलं कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून शेवटी ‘आणि लहान बाळ?’ असं वेगळं विचारायचंच, आणि नंतर एकूण आकडा जन्म-मृत्यूच्या नोंदींशी ताडून बघायचा. व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ किंवा ‘शेती’ एवढंच लिहून आणू नये. ‘साखर कारखान्यात बॉयलर चालवतो’ असं असेल तरच वर्गीकरण करणाऱ्याला त्याचं काही करता येतं. आणि दिलेली माहिती कायद्यानं गुप्त राहते, करवसुलीला किंवा पोलिसांना दिली जात नाही, हे दारातच शांतपणे सांगावं. भीती असली की भाडेकरू गायब होतात.

अहवाल वाचताना

आकडे प्रसिद्ध झाले की आधी तळटीप बघा: संख्या रहिवाशांची आहे की हजर असलेल्यांची, आणि रॉड्रिग्ज धरलं आहे की नाही. जुन्या तक्त्यांत नुसतं ‘मॉरिशस बेट’ असतं. मग सलग गणना शेजारी ठेवा. १९५२ मध्ये सुमारे ५ लाख आणि १९६२ मध्ये सुमारे ७ लाख, हिवताप आटोक्यात आल्यानंतरची ही उसळी. ती पाहून जेम्स मीडसारख्या अर्थतज्ज्ञानं, ज्याला पुढं नोबेल मिळालं, या बेटाचं भवितव्य बिकट ठरवलं होतं. तसं झालं नाही. २०११ आणि २०२२ या दोन्ही गणनांत आकडा १२ लाख ३५ हजारांच्या आसपास आहे, म्हणजे वाढ जवळजवळ थांबली.

आणि मराठी माणसांचा शोध घेत असाल तर भाषेच्या तक्त्यावर थांबू नका. घरात बोलली जाणारी भाषा, पूर्वजांची भाषा आणि धर्म असे तिन्ही तक्ते उघडा. तिन्हीत ‘मराठी’ ही ओळ सापडेल आणि तिन्ही ठिकाणचा आकडा वेगळा असेल. त्यांची बेरीज करू नका, कारण पूर्वजांच्या भाषेत मराठी सांगणाऱ्याच बाईनं धर्मातही मराठी सांगितलेलं असेल आणि घरच्या भाषेत क्रेओल.